ब्रेक आमच्याकडे आहे

१ सप्टेंबर, सोमवार
बीपी १४८/९४.

डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी बीपी बघायचं आणि वहीत लिहायचं. मी विचारलं, नुसता आकडाच लिहू की आणखी काही? तर म्हणाले, "मास्तर, मनात साठलेलं पण लिहा. तुमचं तेच जास्त साठलेलं दिसतंय." टायरवाल्यांनी जानेवारीत दिलेली ही डायरी कपाटात पडून होती. सुरुवातीची आठ महिन्यांची पानं कोरी आहेत. त्या आठ महिन्यांत लिहिण्यासारखं काही घडलंही नव्हतं.

माझ्या आयुष्यात घडणार काय? राजारामपुरीत 'निर्धास्त मोटार ड्रायव्हिंग स्कूल' काढून बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं मी गाडीत डाव्या बाजूला बसतोय. शिकणारा उजवीकडे, स्टिअरिंग त्याच्या हातात. माझ्या पायाखाली जादाचा क्लच आणि जादाचा ब्रेक. लोक पुढे जायला बघतात आणि मी त्यांना थांबवून पोट भरतो. बोर्डावर मोठ्या लाल अक्षरांत रंगवून घेतलंय, 'ब्रेक आमच्याकडे आहे!' पहिल्या दिवशी शिकणाऱ्याचे हात थरथरतात तेव्हा मी तेच म्हणतो, "बिनधास्त जावा, ब्रेक माझ्याकडं हाय." एवढ्या एका वाक्यावर अर्धं कोल्हापूर गाडी शिकलं.

आज बँकेतले एक साहेब होते. समोर म्हैस आली. साहेबांनी हॉर्न दिला, म्हैस हलली नाही. साहेब मला म्हणाले, तुम्ही उतरून सांगा. उतरून सांगितलं. म्हशीनं ऐकलं, साहेबांनी मात्र तोवर गाडी बंद पाडली.

७ सप्टेंबर, रविवार
बीपी १६४/१००. मशीन बिघडलं असावं.

कागलला मेव्हण्याच्या पोराचं बारसं. मेव्हणा म्हणजे बसवेश, सुष्मिताचा धाकटा भाऊ, पुण्यात कुठल्याशा कंपनीत साहेब आहे. जेवणाच्या पंगतीत त्यानं सांगायला सुरुवात केली, एक्स्प्रेस वेला एकशे साठनं कशी मारली, गाडी कशी जमिनीला चिकटते, कान कसे बंद होतात. सगळे घास हातात धरून ऐकत होते. मी म्हणालो, एकशे साठला टायर फुटला तर काय करशील? तेवढंच निमित्त झालं.

"दाजी, तुम्ही आयुष्यात कधी ऐंशीच्या वर गेलाय का हो? का ऐंशी आले की तुमचा पाय आपोआप खाली जातोय?"

सगळी पंगत हसली. सुष्मिता, माझी धर्मपत्नी, पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. हसणं भागच होतं, तोंडात जिलेबी होती. माझी बाजू घेतली ती एकट्या विद्याश्रीनं. ती आमची एकुलती एक, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "मामा, पप्पांच्या गाडीला बावीस वर्षांत ओरखडा न्हाई." बिचारीनं कौतुकच केलं. पण मला ते फार लागलं. ओरखडा नाही म्हणजे काय, दुकानात ठेवलेली गाडी पण बिनओरखड्याचीच असते.

८ सप्टेंबर, सोमवार

बसवेशचं बरोबर आहे. मी कधीच ऐंशीच्या वर गेलेलो नाही. एकोणपन्नास वर्षांचा घोडा झालो.

महावीरला सांगितलं. महावीर माझा शाळेपासूनचा मित्र, उद्यमनगरात टायरचं दुकान आहे. पक्का जैन, दिवस मावळायच्या आत जेवतो, आणि त्यानंतर तोंड रिकामं राहतं म्हणून लोकांना सल्ले देतो. म्हणाला, "राजशेखर, तुझ्यात दम हाय, तुझ्या गाडीत न्हाई. गाडी बदल मर्दा." पुण्यात त्याच्या ओळखीचा एक जुन्या गाड्यांचा व्यापारी आहे म्हणे.

२२ सप्टेंबर, सोमवार
बीपी १५२/९६.

घट बसले आणि गाडी घरात आली. खरं तर आठवडाभर महावीरच्या दुकानामागे झाकून ठेवली होती, कारण म्हाळात, म्हणजे पितृपंधरवड्यात, गाडी दारात आणलीत तर मी माहेरी जाईन, असं सुष्मितानं बजावलं होतं.

काळी जर्मन गाडी. नऊ वर्षांची, पण माझ्यापेक्षा धडधाकट. काट्यावर २६० पर्यंत आकडे आहेत. मी महावीरला विचारलं, खरंच एवढी पळते का रे?

"छापलंय म्हंजे पळती. जर्मन माणूस उगंच आकडं छापत न्हाई."

हे मला पटलं. सुष्मिताला पटलं नाही. ती म्हणाली, "वजनकाट्यावर पण एकशे तीस किलोपर्यंत आकडं हायत. म्हणून काय तेवढं खायचं?" बायकांना मशीनमधलं कळत नाही.

एक गोष्ट मात्र जमेना. ही ऑटोमॅटिक आहे, क्लचच नाही. डावा पाय दिवसभर बेरोजगार. आणि उजवीकडे बसलो की शेजारची सीट रिकामी दिसते, मग मनात येतं, अरे मास्तर कुठं गेला?

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. दोन्ही गाड्यांची पूजा केली. स्कूलच्या गाडीला नेहमीसारखा हार आणि लिंबू. नव्या गाडीला झेंडूची मोठी माळ, बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे. विद्यानं फोटो काढून 'धुरळा'वर टाकला. 'धुरळा' हा आमचा ग्रुप, त्रेचाळीस माणसं आहेत, त्यातल्या निम्म्यांना मीच गाडी शिकवलीय. लगेच विचारणा सुरू झाली. टॉप किती? मारली का? मास्तर, पूजाच करणार की पळवणार पण?

मी लिहिलं, रविवारी बघा.

५ ऑक्टोबर, रविवार
बीपी १७०/१०४. आल्या आल्या घेतलं, म्हणून असेल.

सकाळी सातला हायवेला गेलो. गोकुळ शिरगाव मागे टाकलं, रस्ता मोकळा दिसला, पाय दाबला. ऐंशी. नव्वद. शंभर कधी झालं कळलंही नाही. अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू, फार छान वाटलं. एकशे दहा. एकशे बारा.

आणि माझा पाय ब्रेकवर गेला. मी नेला नाही, तो गेला. कचकन. मागे उसाचं खत भरलेला ट्रक होता, त्यानं माझ्या बंपरला मुका द्यायचा तेवढा बाकी ठेवला, आणि शेजारून जाताना माझ्या आईची चौकशी केली.

परत प्रयत्न केला. परत एकशे बारा, परत ब्रेक. तिसऱ्यांदा निघालो तर समोरून उलट्या बाजूनं एक दूधवाला, दोन्हीकडे कॅन, मान वाकडी करून खांद्यात मोबाइल धरलेला. मी त्याला कसाबसा चुकवला. मी शिव्या द्यायच्या आधी तोच हात वर करून म्हणाला, "पावणं, जरा दमानं की!"

हायवेवर कसली कसली माणसं येतात. तिथं टॉप बघण्यात अर्थ नाही. मोकळा रस्ता पाहिजे.

६ ऑक्टोबर, सोमवार

ग्रुपवर एकशे नव्वद म्हणून सांगितलं. एवढं काही नाही, लोक याहून मोठं खोटं बोलून निवडून येतात.

दहा मिनिटांत छत्तीस जणांनी एकच शब्द पाठवला, 'व्हिडिओ?' काट्याचा व्हिडिओ पाहिजे त्यांना. त्यावर कडी म्हणजे महावीरनं फ्लेक्सचं डिझाइनच करून टाकलं. माझा लायसनवरचा फोटो, त्यात मी चोरासारखा दिसतो, मागे ज्वाळा, आणि खाली 'वेगाचा वाघ, आमचे राजशेखर मास्तर!' पुढच्या सोमवारी चौकात लावणार म्हणाला. छापायलाही दिलाय. बारा बाय आठचा.

मी म्हणालो, "अरे, आधी विचारायचंस तरी."

"विचारून कुणाचा फ्लेक्स लागतोय काय कोल्हापुरात?"

म्हणजे रविवारपर्यंत व्हिडिओ पाहिजे. नाहीतर चौकात बारा बाय आठचा खोटारडा लटकणार. बसवेश दिवाळीला येणार आहे, त्याला तो दिसणारच.

९ ऑक्टोबर, गुरुवार
बीपी १६०/९८.

माझा पाय माझं ऐकत नाही. काल कळंब्याच्या रिकाम्या रस्त्यावर परत बघितलं. एकशे दहा झाले की जातोच ब्रेकवर. बावीस वर्षांची सवय, तिला मी काय करू.

आज जेवताना विद्यानंच तोडगा काढला. सुष्मिता आत भाकरी थापत होती. विद्या हळूच म्हणाली, "पप्पा, मी चालवतो. तुम्ही व्हिडिओ काढा. काट्याचा व्हिडिओ डावीकडनंच नीट येतोय." पोरगी हुशार आहे. आणि तिचा हात माझ्यापेक्षा मोकळा आहे. भ्यायची नाही. वयाच्या अठराव्या वर्षी शिकवली मी तिला, पहिल्याच दिवशी दसरा चौकातनं गाडी काढली होती. मी विचारलं होतं, "भ्या वाटलं न्हाई?" तर म्हणाली होती, "तुमचा पाय हाय की खाली."

थोडं मनाला खटकलं, लिहून ठेवतो. पण मग विचार केला, तिला शिकवलंय कुणी? मी. शेजारी बसणार कोण? मी. मी शेजारी बसलेलो असताना आजवर एकही अपघात झालेला नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार
बीपी १४४/९०. बघा, ठरवलं की उतरतं.

कागलच्या पुढे नवा रस्ता झालाय, शेतांमधून. चार किलोमीटर, सरळ, काँक्रीटचा. वर्षभर तयार आहे, पण उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यावर भांडण आहे म्हणून दोन्ही तोंडांना ड्रम ठेवलेत. ड्रमच्या बाजूनं गाडी आरामात जाते.

आज सकाळी जाऊन बघून आलो. मी काही वेडा नाही, आधी पाहणी केल्याशिवाय करणार नाही. भुरभुर पाऊस होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कडेनं मात्र जागोजागी ताडपत्र्यांखाली कसलेतरी ढीग झाकून ठेवलेले, वर दगड. शेजारी कुणाची तरी निळी प्लास्टिकची खुर्ची उलटी करून ठेवली होती. असेल रस्त्याच्या ठेकेदाराचं काहीतरी. आपल्याला काय करायचंय.

दुपारनंतर आभाळ उघडलं आणि आठवड्यानं कडक ऊन पडलं. म्हणजे उद्या रस्ता कोरडा मिळणार. देव पाठीशी आहे.

सुष्मिताला सांगितलंय, कागलला बसवेशच्या बाळाला बघून येतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

आम्ही दोघं जिवंत आहोत. आज एवढंच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
बीपी १७८/११०.

जमेल तसं लिहितो.

दहाच्या सुमारास ड्रमच्या बाजूनं आत शिरलो. विद्या उजवीकडे, मी डावीकडे, हातात मोबाइल. ऊन चकचकीत. विद्यानं स्टिअरिंगवर हात ठेवले आणि माझ्याकडे बघून हसली. मी काहीतरी बोललो, नेहमीचंच, मग तिनं पाय दाबला.

मी काट्याकडे बघत होतो, रस्त्याकडे नाही. एकशे दहा गेले, एकशे चाळीस गेले, मी ओरडत होतो, "नाद खुळा! दाब!" काटा एकशे चौऱ्याहत्तरला आला तेव्हा मान वर केली. पुढे रस्त्याचा रंग बदलला होता. अर्ध्याहून जास्त रस्ता पिवळसर. मला वाटलं, रंग दिलाय की काय. पिवळ्याच्या मधोमध निळी खुर्ची, खुर्चीला बांधलेली काळी छत्री.

सोयाबीन होतं. आदल्या दिवशी ताडपत्रीखाली झाकलेलं, ऊन पडलं म्हणून अख्ख्या गावानं रस्त्यावर वाळत घातलेलं.

माझा पाय खाली गेला. सगळी ताकद लावून, कमरेतून. पायाखाली मॅट होती. मॅटखाली पत्रा. दुसऱ्यांदा दाबला, पुन्हा पत्राच. तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं की या गाडीला डावीकडे ब्रेक नाही.

विद्यानं ब्रेक मारला, पण उशिरा. पोरगी एवढी हुशार, पण दोन सेकंद नुसती बसून राहिली. का, ते अजून कळत नाही. गाडी सोयाबीनवर चढली आणि बर्फावर गेल्यासारखी फिरली. ढीग उडाला, काही तरी कडाडलं, एअरबॅगचे फुगे फुटून तोंडावर आदळले, आणि रस्त्याच्या कडेला तिरकी होऊन थांबली. सगळीकडे सोयाबीन पडत होतं. टपावर दाणे वाजत होते.

बाहेर आलो. दोघांनाही खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. मग खाली बघितलं. गाडीखाली खुर्ची चेमटली होती, छत्री तिच्यात गुरफटलेली. आणि थोडं अलीकडे, रस्त्याच्या कडेला, जोडीनं काढून ठेवलेल्या बाईच्या चपला.

चपला दिसल्या आणि विद्या रस्त्यावर पालथी पडली. गाडीखाली हात घालून चाचपायला लागली. "पप्पा, खाली कोण हाय? पप्पा, कोण हाय हो?" मीही पडलो. सोयाबीनमध्ये हात घालत होतो आणि प्रत्येक वेळी वाटत होतं, आता हाताला केस लागतील. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मी देवाचं नाव घेतलं नाही. मी फक्त म्हणत होतो, तिनं नव्हे, मी केलंय, मी केलंय.

"काय सांडलं तुमचं?"

मागून आवाज आला. उसाच्या सरीतून एक म्हातारी बाहेर आली, अनवाणी, लुगडं खोचलेलं, हातात पत्र्याचा डबा. विद्यानं चपलांकडे बोट केलं.

"माझ्याच हायत," म्हातारी म्हणाली. "पोट बिघडलंय सकाळपासनं. उसात गेलतो."

विद्या उठली आणि तिच्या गळ्यातच पडली.

"अगं यव्वा, सोड की! हात धुतलं न्हाईत अजून मी."

त्यानंतर तिची नजर गाडीखाली गेली. खुर्ची दिसली तिला. हातातला डबा सुटला. तशीच रस्त्यावर बसली. रत्नव्वा तिचं नाव. सत्तरीची असेल. गुरांनी येऊन सोयाबीन खाऊ नये म्हणून सकाळपासून त्या खुर्चीत बसून होती.

धक्का ओसरल्यावर तिनं तोंड उघडलं ते सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं. "येनप्पा, काय हे! रस्ता काय तुझ्या बाचा हाय? म्हातारी माणसं बसल्यात, दिसत न्हाई? डोळं हायत का गारगोट्या?" माझ्या मनात आलं, रस्त्यावर धान्य वाळत घालणंही बेकायदा आहे. नशीब, तोंडातून निघालं नाही. नुकसान देतो म्हणून खिशात हात घातला तर अंगावर आली.

"ठेव तिकडं! काचा गेल्यात माझ्या मालात. काचा खाऊ घालू व्हय लोकास्नी? बस खाली. येच."

वेचायला बसलो. फोन केला तशी सुष्मिता महावीरला घेऊन त्याच्या टेम्पोतून आली. तिनं विद्याला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून बघितलं, हाडन् हाड. माझ्याकडे बघितलंही नाही. पदर खोचला आणि आमच्याशेजारी बसून काचा वेचायला लागली. दिवस मावळेपर्यंत आम्ही चौघं आणि रत्नव्वा रस्त्यावर बसून होतो. महावीरची जेवणाची वेळ टळली, तरी तो वेचतच राहिला.

संध्याकाळी हवालदार आला. कृष्णात नाव, माझ्याकडेच गाडी शिकलेला. मला बघून त्यानं टोपी काढली आणि परत घातली. "मास्तर, चालवत कोण हुतं?"

"मी," विद्या म्हणाली. "मी," मीही म्हणालो.

कृष्णात आमच्याकडे बघत राहिला. "एका गाडीत दोन डायवर?"

सुष्मिता खाली बसूनच म्हणाली, "खरं सांगा. एकदा तरी." दिवसभरात माझ्याशी बोललेले तिचे हे पहिले शब्द. खरं सांगितलं. चालवायला लावलं मी, चालवली तिनं. जबाबात दोघांची नावं गेली. गुन्हा मी केला आणि कागदावर माझ्या पोरीचं नाव पहिलं आलं. लायसनचं काय होतं ते पुढे बघायचं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
बीपी बघितलं नाही.

फ्लेक्स चौकात लागला नाही. महावीरनं आणून दिला, रत्नव्वाला नेऊन देतो म्हणालो, सोयाबीन झाकायला होईल. उलटा करून टाका म्हणावं.

मोबाइल सोयाबीनमध्ये सापडला होता. काच फुटलीय, पण व्हिडिओ आहे. आज स्कूलच्या ऑफिसात एकटा होतो, धीर करून बघितला. अडतीस सेकंदांचा आहे. काट्यावर एकशे चौऱ्याहत्तर स्पष्ट दिसतात. ज्यांना पुरावा पाहिजे होता त्यांना अगदी झकास पुरावा आहे.

पण मी आवाज मोठा केला. सुरुवातीला माझाच आवाज आहे. मी काहीतरी नेहमीचं बोललो, असं मंगळवारी लिहिलंय. काय बोललो ते आज ऐकलं.

"बिनधास्त जा. ब्रेक माझ्याकडं हाय."

शेवटी, पिवळा रस्ता आल्यावर, विद्याचा आवाज आहे. मला त्या वेळी तो ऐकूच आला नव्हता.

"पप्पा, दाबा. पप्पा, दाबा की!"

दोनदा. दोन सेकंद.

ती नुसती बसून राहिली नव्हती. ती माझ्या पायाची वाट बघत होती.

मी रोज शिकवतो, चाळीसच्या स्पीडला दोन सेकंदांत गाडी बावीस मीटर जाते. एकशे चौऱ्याहत्तरला किती? सत्त्याण्णव. ऑफिसचं शटर ओढलं आणि रस्त्यावर सत्त्याण्णव मीटर चालून बघितलं. एकशे तीस पावलं. पार कोपऱ्यावरच्या फुलवालीपर्यंत. एवढं अंतर माझी लेक माझ्यावर विश्वास ठेवून गेली.

तिथंच पायरीवर बसून रडलो. फुलवालीनं विचारलं, मास्तर, कुणी गेलं का? मी म्हणालो, नाही, म्हणून तर.

१८ ऑक्टोबर, शनिवार

व्हिडिओ 'धुरळा'वर टाकला. आवाजासकट. त्यावर एवढंच लिहिलं, 'एकशे नव्वद खोटं होतं. हे खरं आहे. आवाज मोठा करून ऐका.'

त्रेचाळीस माणसांनी बघितला. कुणी अंगठा दाखवला नाही, कुणी हसरं तोंड टाकलं नाही. सुप्रभात घालणारे पण गप्प. रात्री फक्त बसवेशचा फोन आला, त्याच्यापर्यंतही व्हिडिओ पोचला होता. म्हणाला, "दाजी, चुकलो." मी म्हणालो, "तू बोललास, चुकलो मी. तेवढं एकशे साठ सोड." हो म्हणाला. ठेवताना रडत होता बहुतेक.

२ नोव्हेंबर, रविवार
बीपी १५०/९४.

दिवाळी होऊन गेली, कशी गेली सांगता येत नाही. जर्मन गाडी महावीरच्या दुकानामागे झाकून पडलीय, म्हाळात होती तशीच.

विद्या स्टिअरिंगला हात लावत नाही. कॉलेजला केएमटीच्या बसनं जाते. हसते, जेवते, अभ्यास करते. मला वाटलं, चला, विसरली.

आज रिक्षानं तिघं रंकाळ्याला गेलो. रिक्षा पंचवीस-तीसनं चालली असेल. सहज माझी नजर खाली गेली. विद्याचा उजवा पाय रिक्षाच्या पत्र्यावर दाबलेला होता, टाच उचललेली, बोटं पांढरी पडलेली. सिग्नल नसताना, समोर काही नसताना. सगळा रस्ता दाबलेलाच होता. मी तो पाय ओळखला. बावीस वर्षं तो माझा पाय आहे.

मी माझी सवय तिला दिली, पण तिच्या पायाखाली काही दिलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
बीपी १३८/८८.

सकाळी स्कूलची गाडी काढली. विद्याला म्हणालो, चल. म्हणाली, "मी चालवणार न्हाई." मी म्हणालो, "चालवायला कोण सांगतंय? डावीकडं बस."

ती बराच वेळ दार धरून उभी राहिली. मग बसली, माझ्या जागेवर. सीट बावीस वर्षांत माझ्या आकाराची झालीय, ती त्यात बुडाली. मी उजवीकडे बसलो.

"पायाखाली बघ," म्हणालो. "उजवीकडचा ब्रेक हाय. खराखुरा. चालवणार मी. तुला वाटंल तिथं दाब. मी काय बोलणार न्हाई."

निघालो. राजारामपुरीच्या पहिल्याच गल्लीत तिनं दाबला, एक कुत्रं शेपूट हलवत उभं होतं, रस्त्यापासून दहा फुटांवर. माझं कपाळ आरशाला लागलं. कपाळ चोळलं, परत गाडी काढली. मग बस स्टॉपपाशी दाबला. मग भाजीवाल्या बाईसाठी. बागल चौकात सिग्नल हिरवा असताना दाबला, मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. एक रिक्षावाला शेजारी येऊन वाकला, बोर्ड वाचला, माझ्याकडे बघितलं.

"काय मास्तर, शिकाय लागलाय व्हय?"

"व्हय," म्हणालो.

सायबर चौकाच्या पुढे रस्ता मोकळा झाला. मी तीसवर होतो. समोर माणूस नाही, कुत्रं नाही, म्हैस नाही. आणि तिनं कचकन ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी.

मी न राहवून विचारलं, "आता कशाला?"

तिनं पाय काढला नाही. खाली बघत होती.

"लागतोय का बघितलं," ती म्हणाली.

"लागतोय," मी म्हणालो. "अजून बघ."

तिनं अजून एकदा बघितलं.